ओवी, पुरावा आणि संशोधनाची विश्वसनीयता

जात्यावरच्या ओवीला ‘स्त्रीमनाचा उद्गार’ म्हणण्याची प्रथा आपल्या लोकसाहित्याभ्यासात इतकी रुळली आहे, की हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, असे सहसा कोणी विचारीत नाही. गुणात्मक संशोधन आकडेवारीचे नसते, म्हणून त्याला काटेकोरपणाची अट लागू नाही, हा समज यामागे दिसतो.

लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये अशा संशोधनासाठी स्वतंत्र निकष मांडले. संशोधकाचे अर्थनिर्णयन माहिती देणाऱ्यांना ओळखीचे वाटते का, ते अन्य संदर्भांत कितपत लागू पडते, संशोधनाची प्रक्रिया सुसंगत आहे का आणि निष्कर्षाचा माग मूळ सामग्रीपर्यंत काढता येतो का, असे त्यांचे स्थूल स्वरूप आहे.

ओवीच्या संदर्भात शेवटचा निकष मला कळीचा वाटतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या गाणारीच्या नावागावाशी जोडून. हे केवळ सौजन्य नव्हे. निनावी ओव्यांतून अभ्यासकाला हवी तशी ‘स्त्री’ उभी करता येते. नावागावाची नोंद असली, की तिची जात, वय, सासर-माहेर यांचा विचार टाळता येत नाही.

तथापि नोंद म्हणजे अर्थ नव्हे. बंधुप्रेमाची ओवी गाणारीला भाऊ असेलच असे नाही. ओवीला परंपरेचे संकेत असतात. तीच ओवी पन्नास जणींनी गायिली, तर तिचा प्रसार सिद्ध होतो, पन्नास जणींचा अनुभव नव्हे. शिवाय पहाटे दळताना आलेली ओवी आणि पिठाची गिरणी गावात आल्यानंतर ध्वनिमुद्रकासमोर आठवून म्हटलेली ओवी या दोन भिन्न घटना आहेत.

गाणारीला आपला अर्थ सांगून तिची संमती घेणे, हा उपायही निर्दोष नाही. घरी आलेल्या शिकल्यासवरल्या पाहुण्याला ‘तुम्ही म्हणता तसंच’ म्हणणे हा पुष्कळदा शिष्टाचार असतो. त्यापेक्षा आपल्या निष्कर्षाला छेद देणारी ओवी शोधणे अधिक कठीण, पण अधिक प्रामाणिक होय. सोशिकतेचा सिद्धान्त मांडणाऱ्याने सासूला शिव्या मोजणाऱ्या ओव्या वगळल्या असतील, तर तो सिद्धान्त ओव्यांचा नसून निवडीचा ठरतो.

म्हणून पीएच.डी.च्या प्रबंधांत ओव्यांच्या परिशिष्टाबरोबरच ओवी कोणी, कोणत्या प्रसंगी, कोणासमोर म्हटली आणि अभ्यासकाने कोणत्या ओव्या का वगळल्या, याची नोंद अनिवार्य असावी. गाणारीने नाव देण्यास नकार दिला, तर तो नकारही नोंदवावा. एवढेही न करणाऱ्या संशोधनाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार सांगू नये.