पेटीच्या खुंट्या आणि शेकड्यांनी आवाज

दिवाळी अंकांत पुस्तकांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात. वाद्याचे परीक्षण सहसा येत नाही. वाद्य ही वाजवायची वस्तू, तिच्याबद्दल लिहायचे काय, असा आपला समज. पण गेल्या चाळीस वर्षांत जे वाद्य आपल्या घरांत गुपचूप शिरून बसले, त्याला एकदा परीक्षकाच्या पुढ्यात बसवायला हरकत नाही. मी बोलतो आहे ते विजेच्या पेटीविषयी. ती कोणत्याही कंपनीची असो, आमच्या भिवंडीत तिला ‘कॅसिओ’च म्हणतात.

या नावाच्या कंपनीने १९८० साली आपले पहिले घरगुती वाद्य विकायला काढले, तेव्हा त्यात २९ आवाज होते. तेव्हा तेही लोकांना नवल वाटले असेल. १९९१ साली या धंद्यातल्या कंपन्यांनी मिळून आवाजांची एक सामाईक यादी ठरवली. तिच्यात १२८ आवाज आहेत. ही यादी मी एका वाढलेल्या पुस्तकासारखी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि करमणूक म्हणून ती बऱ्याच कादंबऱ्यांपेक्षा सरस आहे. १०५ क्रमांकावर सतार आहे, ११२ वर सनई आहे. तिथून थोडे पुढे गेले की १२४ ला पाखरांची किलबिल, १२५ ला टेलिफोनची घंटा, १२६ ला हेलिकॉप्टर, १२७ ला टाळ्या, आणि शेवटी १२८ ला बंदुकीचा बार! सनईपासून बंदुकीपर्यंतचे अंतर अवघे सोळा घरांचे. लग्नघरातसुद्धा इतक्या लवकर मजल गाठली जात नाही. एवढ्या पसाऱ्यात तबला नाही, तंबोराही नाही. पुढे इकडच्या बाजारासाठी काढलेल्या वाद्यांत ते आले. परंतु आज आवाज शेकड्यांनी मोजावे लागतात, आणि संगणकावर गाणे जुळवणाऱ्याला तर मोजदादीचे कारणच उरलेले नाही.

आता कोणी म्हणेल, असेनात का! दुकानात हजार साड्या असल्या तरी बाई एकच घेऊन येते. खरे आहे, पण ती दुकानातून बाहेर पडते, तेव्हा उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव मागे राहतात. इथे दुकानच घरी आलेले असते.

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा पद्मनगरात राहतो. बाप यंत्रमागावर, घरची भाषा तेलुगू. त्याची आजी लहानपणापासून कांडणाच्या वेळचे एक गाणे म्हणत आली. घरात ते दुसऱ्या कोणाला पुरते येत नाही. मुलाच्या मनात आले की हे गाणे नीट साथीसह ध्वनिमुद्रित करावे. जुनी कॅसिओ घेतली, मोबाइलला जोडली. वैशाखात त्याने मला सांगितले, “सर, बासरी घ्यावी म्हणतो.” आषाढात बासरीची व्हायोलिने झाली होती. श्रावणात पुन्हा भेटला तर म्हणाला, “सर, अजून आवाजच नक्की होत नाही.” तो आळशी नव्हे. पाळी संपवून रात्री दोन-दोन तास बसत असे. प्रत्येक आवाज ऐकला की त्याला त्या आवाजाजोगी एक नवी चाल सुचे, आणि आजीची चाल मागे पडे. इकडे आजीचा श्वास कडव्याच्या मध्येच तुटू लागला होता.

या गोष्टीत यंत्राला शिव्या देण्याचा मोह फार. परंतु ज्या हातपेटीच्या नावाने आपण आज गळा काढतो, तिचा इतिहास पाहिला की असा मोह धरता येत नाही. पॅरिसच्या अलेक्झांडर दब्यँ याने १८४२ साली हार्मोनियमचे हक्क घेतले. त्याच्या वाद्याचा मोठेपणाच हा होता की एका स्वरपट्टीवर अनेक आवाज निघत. बासरी, क्लॅरिनेट, बासून अशा नावांच्या खुंट्या ओढायच्या आणि हवा तो आवाज काढायचा. म्हणजे ती त्या काळची कॅसिओच! आपल्याकडे आल्यावर मात्र तिचे सोंग उतरवण्यात आले. १८७५ नंतरच्या वर्षांत कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी पायांचा भाता काढून हाताचा बसवला, वाद्य जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यापुढे ठेवले. खुंट्या राहिल्या, पण त्या वारा सोडण्या-कोंडण्यापुरत्या आणि एखादा सूर धरून ठेवण्यापुरत्या. काही पेट्यांत तर दोन-चार खुंट्या केवळ शोभेच्या असतात; ओढा की ढकला, फरक शून्य. आवाजाची निवड उरली ती खर्ज, नर आणि मादी या सुरांच्या ओळींची, आणि तीही कारागीर पेटी बांधतानाच करून टाकतो.

उलट दिशेचा प्रयोगही झाला, आणि तो आपल्याच मुलखात. पेटीच्या बारा सुरांत आपल्या संगीताच्या श्रुती मावत नाहीत, ही तक्रार रास्त होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी श्रुतींची पेटी करवून घेतली. अब्दुल करीम खाँसाहेबांचेही त्या संशोधनाला साहाय्य होते. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर पुष्कळ खल झाला. ती पेटी विद्वानांच्या दिवाणखान्यापलीकडे गेली नाही. बोटांना जेवढे पर्याय द्यावेत, तेवढा कान गोंधळतो, असे काही तिचे झाले असावे, असा माझा तर्क आहे. साध्या पेटीला मात्र विरोधकांनी दारात उभे केले नाही: आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी केली ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. त्या तीस वर्षांत एकाही भजनी मंडळाने आपली पेटी विकल्याचे ऐकिवात नाही.

हे असे का व्हावे? माझ्या मते उत्तर भात्यात आहे. पेटीचा आवाज एक, पण तो तयार होऊन येत नाही. डाव्या हाताने वारा किती द्यायचा, कुठे दाबायचा, ओळीच्या अखेरीस कसा सोडायचा, हे प्रत्येक सुरागणिक ठरते. निवड आहेच; ती वाजवता वाजवता करायची असते. कॅसिओत ती वाजवण्याच्या आधी करावी लागते, आणि निवडलेला आवाज असा सजून-नटून समोर येतो की त्याला हात लावायला जागाच नसते. घरगुती संगीतावरचा माझा आक्षेप आवाज पुष्कळ आहेत हा नव्हे. ते सगळे पूर्ण आहेत, हा आहे. अपुऱ्या आवाजाला माणूस लागतो.

याला अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. आपल्या संगीत रंगभूमीने पेटीवर समाधान न मानता पायांचा ऑर्गन आणला, आणि नटाच्या गळ्यामागे दोन्ही हातांनी भरलेला तो सूर ज्यांनी जुन्या तबकड्यांवर ऐकला असेल, ते त्याला चैन म्हणणार नाहीत. पण तिथे ऑर्गन कशासाठी, हे आधी ठरले होते: पुढे गाणारा गळा होता. भिवंडीतही आवाजाची निवड काही हौसेने होत नाही. मागांची खटखट भिंतीपलीकडे चालू असते. तीत मऊ बासरी बुडते आणि पेटीचा खडा सूर तगतो. इथल्या भजनात आणि कव्वालीत पेटी टिकली, त्याला रसिकतेइतकेच हेही कारण असावे. तुणतुण्याचे पाहा: एक तार, आणि गोंधळ्याची रात्र तेवढ्यावर उजाडते.

मुलाला मी उपाय सांगितला तो शिक्षकी होता. तीन आवाजांची नावे कागदावर लिही, कागद वाद्यावर चिकटव, बाकीचे नाहीतच असे समज. आणि त्याआधी आजीला नुसती गाऊ दे, चाल तिची पक्की होऊ दे, मग रंगाचे पाहू. त्याने तीनऐवजी एकच नाव लिहिले. २१ व्या क्रमांकाचा तो सुरांचा ऑर्गन, पेटीच्या सर्वांत जवळचा. पट्टी आजीच्या गळ्यानुसार खाली घेतली. (पट्टी बदलण्याचे बटण ही या वाद्याची मी मनापासून वाखाणतो अशी एकमेव सोय, बोटे आळशी होतात खरी, पण म्हाताऱ्या गळ्याला किती दिलासा!) नवरात्राच्या आधी दोन कडवी निघाली. तिसरे तिला आठवत होते, पण दमाने साथ दिली नाही. जे निघाले ते मी ऐकले आहे. मागे माग चालू आहेत, दुसऱ्या कडव्यात ती खोकते, आणि मुलाने ते काढून टाकलेले नाही.

समीक्षक म्हणून मला त्यात एक दोष दिसतो: पहिल्या कडव्याला साथ जरा पुढे धावते. ऑर्गनचा सूर बोट ठेवले की लगेच पूर्ण आवाजात येतो, आणि आजी मात्र प्रत्येक ओळीला सूर शोधत शोधत पोहोचते. दुसऱ्या कडव्यात मुलगा थांबायला शिकला आहे. तिसरे, तिला बरे वाटले तर, पौषात घ्यायचे ठरले आहे.