प्रायोजक आणि यजमान

इंटरनेटवरच्या रेडिओचा इतिहास चाळताना १९९३ सालच्या कार्ल मालामुद यांच्या 'इंटरनेट टॉक रेडिओ'पाशी थांबावेच लागते. कंपन्यांचे पैसे घेऊनही स्वतंत्र राहिलेला उपक्रम, असे मी बरीच वर्षे मानत आलो. आता ते मत मला अर्धेच खरे वाटते.

त्यातल्या 'गीक ऑफ द वीक' या कार्यक्रमात संगणक-जाळ्यातील जाणकारांच्या मुलाखती असत. प्रायोजक दोन होते: तांत्रिक पुस्तके काढणारी ओरायली आणि संगणक बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स. कार्यक्रम ऐकण्यासाठी ध्वनीची फाइल आधी उतरवून घ्यावी लागे. सेकंदाला ८,००० बाइट धरले, तर अर्ध्या तासाचे १४.४ मेगाबाइट होतात. १४.४ किलोबिटच्या मोडेमवर एवढ्याला सव्वादोन तास हवेत. म्हणजे ज्याच्या कचेरीत किंवा विद्यापीठात वेगवान जोडणी, तोच खरा श्रोता. फाइलचा साचादेखील सनच्या यंत्रांवरून आलेला. ओरायलीचे पुस्तक घेणारा आणि सनचे यंत्र वापरणारा माणूसच समोर बसलेला असताना प्रायोजकाने बोलण्यात ढवळाढवळ का करावी? स्वातंत्र्य होते, पण प्रायोजकाला ते स्वस्तात देता आले, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्याकडची 'बिनाका गीतमाला' याच्या अगदी उलट. १९५२ मध्ये ती रेडिओ सिलोनवरून सुरू झाली. आवाज अमीन सयानी यांचा, टूथपेस्ट सिबा कंपनीची, आणि तिचे नाव थेट कार्यक्रमाच्या नावात. दात सगळ्यांनाच असतात. त्यामुळे श्रोता कोण यापेक्षा श्रोते किती, हाच तेथे सवाल. अशा ठिकाणी आवडीची बेरीज करावी लागते. थोडक्यांची आवड त्या बेरजेत बुडते.

हा भेद मला पुस्तकातून कळला नाही. २००६ च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबादेत मी तुळजापूर परिसरातील गोंधळ्यांचे बोलणे-गाणे ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर दर आठवड्याला ऐकवायचे ठरवले. सायबर कॅफेत बसून अर्ज टाइप केला आणि एका कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी शांतपणे विचारले, "श्रोते किती?" मी गप्प. अर्ज तिथेच राहिला. त्यांना दोष देत अनेक वर्षे गेली.

चूक माझीच होती. ज्यांचे गाणे मी मुद्रित करणार होतो, त्यांच्याकडेच उत्तर होते. गोंधळ घालायला यजमान बोलावतो. लग्नानंतर कुळाचार म्हणून त्याच्या दारी संबळ वाजतो, दिवटी पेटते. दक्षिणा देणारा आणि ऐकणारा एकाच घरातला असतो. किती जण ऐकतात, हे तेथे कोणी मोजत नाही. मालामुद यांचे प्रायोजकही एका अर्थाने यजमानच होते; आपल्याच भावकीसाठी त्यांनी गोंधळ मांडला होता. मी मात्र यजमानाचे काम घेऊन टूथपेस्टवाल्याच्या दारी गेलो.

यजमानाची पद्धत निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरी दक्षिणेची ऐपत नाही, त्याच्या अंगणात संबळ कोण वाजवणार? मालामुद यांच्या जाळ्याबाहेरचा माणूसही असाच बाहेर राहिला. म्हणून एखाद्या प्रायोजित कार्यक्रमाची पारख करताना प्रायोजकाने काय बोलू दिले नाही, एवढेच विचारून भागत नाही. त्याने कोणाला श्रोता मानलेच नाही, हेही विचारावे. त्या वर्षी मला भेटलेले काही गोंधळी आज हयात नाहीत. त्यांचे गाणे माझ्याकडेही नाही.