अर्थशास्त्राच्या अध्यापकाची अर्हता : एक चिकित्सा

अध्यापकाची अर्हता ठरविणारा नियम हा त्या विषयाच्या अध्यापनाविषयीचे नियमकर्त्याचे मतच असतो. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविण्यास पात्र कोण, या प्रश्नाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी दिलेले उत्तर वाचकांस परिचित आहे : किमान पंचावन्न टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर नेट अथवा सेट, विवक्षित अटी पुऱ्या करणाऱ्या पीएच.डी. धारकांस या परीक्षांतून सूट. विद्यापीठीय विभागांकरिता पीएच.डी. अनिवार्य करण्याचा संकल्पही त्याच विनियमांत होता. तो प्रथम लांबणीवर पडला आणि २०२३ च्या दुरुस्तीने सोडून देण्यात आला. पीएच.डी. हवी की नको, या वादात आपल्या विभागांतून पुष्कळ शाई खर्च झाली. आमच्या मते तो वाद गौण होय. उमेदवारास अर्थशास्त्रातील एखादी गोष्ट दुसऱ्यास समजावून सांगता येते किंवा नाही, हे या सबंध क्रमात कोणत्या पायरीवर पाहिले जाते, हा मूळ प्रश्न आहे.

नेट परीक्षा १९८९ साली सुरू झाली. तिची तिसरी प्रश्नपत्रिका पूर्वी वर्णनात्मक असे. उमेदवारास चार पाने सलग लिहावी लागत. जून २०१२ पासून तीही वस्तुनिष्ठ झाली. आज दोन प्रश्नपत्रिका, दीडशे प्रश्न व तीन तासांचा अवधी, असे तिचे स्वरूप आहे. लेखी उत्तरे तपासण्यास लागणारा काळ, परीक्षकापरीक्षकांतील गुणांची तफावत आणि उमेदवारांची प्रचंड संख्या ही या बदलाच्या बाजूने सांगण्यासारखी कारणे होत, आणि ती खोटी नाहीत. तथापि संशयातीतता हाच जर हेतू असेल, तर जून २०२४ ची परीक्षा घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द करावी लागली, एवढे नमूद केले म्हणजे पुरे. शिवाय परीक्षेस बसलेल्यांपैकी सुमारे सहा टक्क्यांनाच पात्र ठरविण्याची पद्धत असल्यामुळे ती किमान पात्रतेची कसोटी न राहता चढाओढीची चाळणी झाली आहे.

अचूक पर्याय ओळखणे आणि विवेचन करणे यांतील अंतर किती मोठे आहे, हे एका उदाहरणाने पाहू. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारले की, ‘कांदा स्वस्त झाला तर लोकांचा फायदाच झाला, मग नुकसान कोणाचे?’ तर अध्यापकाने काय करावयाचे? मागणी अलवचीक असता किंमत घटल्यास एकूण प्राप्ती घटते, हे चार पर्यायांतून कोणीही पात्र उमेदवार निवडील. वर्गात मात्र एवढ्याने भागत नाही. बंदीमुळे मागणीचा परदेशी भाग तुटला म्हणून किंमत उतरली, हे आधी दाखवावे लागते. डिसेंबरात बाजारात येणारा लाल कांदा टिकाऊ नसतो, उन्हाळ कांद्याप्रमाणे तो चाळीत साठविता येत नाही. त्यामुळे शेतकऱ्याचा पुरवठा त्या घटकेस जवळजवळ स्थिर असतो आणि मार्शलने सांगितलेला अत्यल्पकाल येथे डोळ्यांनी दिसतो, हेही सांगावे लागते. पुढे देशातील ग्राहक पूर्वी जेवढा माल घेत होता, तेवढ्यावर त्याला जे मिळाले ते उत्पादकाच्या खिशातून गेले. त्याखेरीज जो माल बाहेर चढ्या भावाने गेला असता, त्यावर उत्पादकास आणखी तोटा आला आणि त्याची पुरी भरपाई ग्राहकाच्या लाभाने होत नाही, हे आकृती काढून सिद्ध करावे लागते. आणि इतके झाल्यावरही शहरातील मजुराचा वाचलेला रुपया व निफाडच्या शेतकऱ्याचा बुडालेला रुपया सारखेच मानावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. तेथे सिद्धांत संपून मूल्यनिर्णय सुरू होतो, ही सीमारेषा दाखविणे हे अध्यापकाचे सर्वांत अवघड काम आहे. दीडशेपैकी एकही प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

भाषेचा प्रश्न याहून वेगळा नाही. नेटची अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. आपल्या कला महाविद्यालयांतील बरेचसे अध्यापन मराठीतून होते. हिंदीतील ‘मुद्रास्फीति’ला मराठीत ‘चलनवाढ’ आणि ‘भाववाढ’ असे दोन शब्द रूढ आहेत. पहिल्या शब्दात कारणाविषयीचा एक सिद्धांत दडलेला आहे, दुसऱ्यात केवळ परिणामाचे वर्णन आहे. ज्याला हा भेद जाणवलेला नाही, तो विद्यार्थ्यांस नकळत एका पक्षाचे शिक्षण देतो.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. अकरावी-बारावीस अर्थशास्त्र शिकवावयाचे तर पदव्युत्तर पदवीबरोबर बी.एड. आवश्यक आहे, त्याच विद्यार्थ्यांना एक वर्षानंतर शिकविणाऱ्याला अध्यापनाचे कसलेही पूर्वशिक्षण लागत नाही. पीएच.डी. ही उणीव भरून काढील असे मानण्यास आधार नाही, कारण प्रबंध परीक्षकांसाठी लिहिला जातो. डॉ. आंबेडकर १९१८ साली सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले तेव्हा त्यांच्यापाशी कोलंबियाची एम.ए. होती व पीएच.डी. १९२७ मध्ये मिळाली, असा दाखला कधीकधी दिला जातो. पण असामान्यांच्या चरित्रातून सामान्य नियम काढू नयेत हे बरे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने अभिप्रायार्थ प्रसृत केलेल्या मसुद्यात तर पदवीचा विषय कोणताही असला तरी नेट वा पीएच.डी. ज्या विषयात असेल त्याचा अध्यापक होण्याची मुभा सुचविलेली होती. विषयांच्या भिंती मोडण्याच्या या विचाराला आमचा तत्त्वतः विरोध नाही. संख्याशास्त्राचा वा गणिताचा पदवीधर अर्थशास्त्रास उपकारकच ठरेल. मात्र त्यायोगे अर्थशास्त्रावर एकही निबंध न लिहिलेला मनुष्य केवळ पर्याय निवडून अर्थशास्त्राचा अध्यापक होऊ शकतो, ही गोष्ट मसुदाकारांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

उपायासाठी नव्या विनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१८ च्या विनियमांप्रमाणे पदव्या, लेख व अनुभव यांचे गुण केवळ मुलाखतीस बोलावण्यापुरते विचारात घ्यावयाचे असून निवड मुलाखतीतील कामगिरीवरच व्हावयाची आहे. निवड समितीने उमेदवारास आदल्या दिवशी चालू घडामोडींतील एक प्रश्न द्यावा. दुसऱ्या दिवशी प्रथम वर्षाच्या प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर, ज्या भाषेत पुढे शिकवावयाचे त्या भाषेत, चाळीस मिनिटांचा पाठ घ्यावयास लावावा आणि त्याच प्रश्नावर दोन पाने लिहून घ्यावीत. मागच्या बाकावर समिती बसेल. विद्यार्थ्यांनी शंका विचाराव्यात. एम.ए.च्या अखेरच्या सत्रातही पाठलेखनाची व स्थानिक बाजाराच्या अभ्यासाची एक प्रश्नपत्रिका ठेवता येईल. अभ्यासमंडळे आपल्याच अध्यापकांची आहेत.