तेज वाढले म्हणजे स्फोट झाला?

दूरची एखादी सक्रिय दीर्घिका अचानक तेजाळल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. विद्यार्थी त्यांची कात्रणे वर्गात आणतात, म्हणून त्या तपासून घेणे भाग आहे. अशा बातम्यांत एक दोष आम्हांला वारंवार आढळतो : तेज वाढले हे निरीक्षण आणि ‘स्फोट झाला’ हा निष्कर्ष एकाच वाक्यात उरकला जातो.

सीटीए १०२ चे उदाहरण घेऊ. महाश्व तारकासमूहातील या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला सुमारे ८ अब्ज वर्षे लागतात. डिसेंबर २०१६ मध्ये ती तिच्या मंद अवस्थेपेक्षा सुमारे ६ प्रतींनी, म्हणजे जवळजवळ २५० पट तेजस्वी दिसली. दृश्य प्रकाशाबरोबर अवरक्त किरणांतही तिची मोजमापे झाली. इथपर्यंत निरीक्षण. पुढे कारणांचा विचार सुरू होतो.

तिच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून निघालेला झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने आपल्या रोखाने येतो. हा झोत पिळलेला असून त्याचा एक भाग आपल्याकडे अधिक वळला, असे क्लॉडिया रायतेरी व सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडले. झोतात वायूचा ढग सापडला, असे दुसऱ्या एका गटाचे म्हणणे. दोन्हींत ‘स्फोट’ नाही. वर्धा-सेवाग्राम रस्त्यावर रात्री वळण घेऊन समोर आलेल्या मोटारसायकलचा दिवा डोळे दिपवतो. दिवा मात्र तोच असतो. पहिले स्पष्टीकरण साधारण असेच आहे.

दुसरा दोष चित्रांचा. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. चित्रातील रंग मागाहून दिलेले असतात. बातमीत हे क्वचितच सांगितले जाते.

हवेतील बाष्प अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात शोषते. म्हणून अशा दुर्बिणी उंच, कोरड्या जागी उभारतात. अबूच्या गुरुशिखरावरची १.२ मीटरची दुर्बीण त्यांपैकीच. वर्ध्याच्या शाळेला हे निरीक्षण जमणार नाही, पण त्यातला धडा जमेल. हिवाळ्यात ययाती तारकासमूहातील अल्गोल तारा रोज संध्याकाळी शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहावा. दर २.८७ दिवसांनी तो काही तास मंदावतो, कारण त्याचा मंद जोडीदार आड येतो. तारा स्वतः बदलत नाही. दिसलेला बदल आणि घडलेला बदल यांतले अंतर ज्याने एकदा वहीत नोंदवले, तो पुढची बातमी सावधपणे वाचेल.