एका नोटिशीचं रसग्रहण

मराठीत कथेची समीक्षा झाली, कवितेची झाली, नाटकाची तर पडदा पडायच्या आधीच होते. पण गेल्या काही वर्षांत ज्या वाङ्मयाचा खप भलताच वाढला, त्या जी.एस.टी.च्या मागणी नोटिशीकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेलं नाही. ही उणीव भरून काढण्याचा अधिकार माझा नव्हे. मी बी.कॉम., तेही सेकंड क्लास. गेली वीस वर्षं बँकेत कारकून. सध्या मुक्काम महागाव, जिल्हा यवतमाळ. जिल्हा मुद्दाम सांगितला, कारण कोल्हापूर जिल्ह्यातही एक महागाव आहे. पत्ता नीट नसला की काय होतं, हाच तर या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत साहित्यकृतीचा शेवटचा भाग माझ्या टेबलावर आला २०२५ च्या जूनमध्ये. शीर्षक 'डी.आर.सी.-१३'. (या लेखकांची शीर्षकं औषधाच्या गोळ्यांसारखी असतात.) आशय असा की, आमच्या गावातल्या मोटार-पाईपच्या दुकानदाराकडून सरकारचं १,४१,६०० रुपये येणं आहे, तरी त्याच्या चालू खात्यात असेल ते इकडे पाठवा. खात्यात अडतीस हजार होते. मी पाठवले. शिक्का मारला, सही घेतली आणि चहाला गेलो. आता कबूल करतो, मी ती कृती वाचली नव्हती. फक्त आकडा वाचला होता.

तिसऱ्या दिवशी पाईपवाले काका काउंटरवर उभे. हातात परत आलेला चेक.

"भाऊ, माहा चेक वापस कसा आला?"

मी नोटीस दाखवली. ते म्हणाले, "मले तं कोणी काई सांगतलंच नाई!"

मला वाटलं, सगळे असंच म्हणतात. पण संध्याकाळी त्यांच्या दुकानात, पाईपांच्या बंडलावर बसून आम्ही पोर्टल उघडलं आणि मूळ संहिता वाचायला घेतली.

कथानक साधं आहे. २०१८-१९ साली काकांनी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून पाईप घेतले, बिलातला कर भरला आणि त्याची वजावट घेतली. त्या व्यापाऱ्याने आपल्या विवरणात हीच बिलं 'नोंदणी नसलेलं गिऱ्हाईक' या रकान्यात टाकली. संगणकाने दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले आणि ६४,००० रुपयांचा फरक काढला. अशा चुकीवर उताराही आहे. २७ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी, एका पुरवठादाराचा फरक पाच लाखांपर्यंत असेल, तर त्याचा दाखला आणून दिला की भागतं. एक कागद! काकांनी तो आठवड्यात आणला असता.

पण नायकाला नाटक सुरू झाल्याचंच ठाऊक नव्हतं. २०१७ मध्ये ज्या कर सल्लागाराने काकांची नोंदणी केली, त्याने ई-मेल आणि मोबाईल स्वतःचाच घातला. सल्लागार पुढे पुण्याला गेला. कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस पोचवण्याचे हातोहात, पोस्टाने, ई-मेलने, पोर्टलवर, वर्तमानपत्रात, दारावर डकवून असे पुष्कळ मार्ग दिले आहेत. दवंडी तेवढी राहिली. निवडला गेला पोर्टलचा. तिथेही तेव्हा दोन कप्पे होते, 'नोटिसा' आणि 'जादा नोटिसा'. काकांची डिसेंबर २०२३ ची नोटीस दुसऱ्या कप्प्यात होती. या कप्प्यापायी दिल्ली उच्च न्यायालयाने कितीतरी प्रकरणं फेरसुनावणीला परत पाठवली आणि जानेवारी २०२४ मध्ये पोर्टलची मांडणी बदलली. काकांसाठी एक महिना उशिरा.

आता शैली. नोटीस इंग्रजीत, एक वाक्य आठ ओळींचं, कर्ता पहिल्या पानावर आणि क्रियापद दुसऱ्या. आदेश एप्रिल २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातला, कारण त्या वर्षाच्या आदेशांची मुदत ३० एप्रिलला संपत होती. मार्चएंडला आम्हीही व्हाउचरं अशीच उरकतो, म्हणून मला त्या हाताची घाई ओळखू आली. 'उत्तर आले नाही, सुनावणीस कोणी हजर नाही, सबब मागणी कायम.' कर ६४,०००, व्याज ५७,६००, दंड २०,०००. मूळ कथेपेक्षा परिशिष्ट मोठं.

खोट्या बिलांचे कारखाने काढणारे आहेत, हे बँकेत बसून मलाही दिसतं. त्यांना नोटीस गेलीच पाहिजे. पण ते आपला ई-मेल रोज बघतात.

समीक्षकांत, म्हणजे न्यायालयांत, या वाङ्मयाविषयी मतभेद आहेत. अनेक वर्षांची मागणी एकाच नोटिशीत कोंबता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलं. नाटकातलं कालैक्य म्हणतात ते हेच असावं. त्याच वर्षी दिल्लीने खोट्या वजावटीच्या प्रकरणात एकत्र नोटीस चालेल असं सांगितलं होतं. आणि कायदा १ जुलै २०१७ ला लागू झाला, पण त्यात लिहिलेलं अपिलीय न्यायाधिकरण सुरू झालं २४ सप्टेंबर २०२५ ला. आठ वर्षांचं मध्यंतर मी संगीत नाटकातही पाहिलेलं नाही.

इन्फोसिसला २०२४ मध्ये ३२,४०३ कोटींची, कारणे दाखवा नोटिशीच्याही आधीची नोटीस आली होती. कंपनीने उत्तरं दिली आणि जून २०२५ मध्ये ते प्रकरण बंद झालं. त्याच जूनमध्ये मी काकांचे अडतीस हजार पाठवले.

आम्ही पुसदच्या सी.ए.कडे गेलो. त्यांनी बोटं मोडून दाखवली: अपिलाला तीन महिने, फार तर आणखी एक, ते ऑगस्ट २०२४ मध्येच संपले. व्याज आणि दंड माफीची योजना होती, नुसता कर भरून मोकळं होता आलं असतं. तिची तारीख ३१ मार्च २०२५. उरलं नागपूरचं उच्च न्यायालय.

"किती खर्च येईन?" काकांनी विचारलं.

सी.ए. साहेबांनी आकडा सांगितला. तो उरलेल्या मागणीच्या जवळपास होता.

येताना गाडीत काका बराच वेळ काही बोलले नाहीत. उमरखेड फाट्यापाशी म्हणाले, "म्हणजे मी खरा हाय हे सांगाले जेवढे पैसे लागते, तेवढ्यात मी खोटा हाय म्हणून सुटतो."

त्यांनी उरलेली रक्कम भरली. हळद विकून मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली होती, हे मला नंतर कळलं. तिची मुदत ठेव मोडायची पावतीही मीच केली.

पोर्टलवर आता त्यांचा स्वतःचा मोबाईल आणि ई-मेल आहे. मीच बदलून दिला. पण काकांचा त्यावर भरवसा नाही. दर सोमवारी बँक उघडली की ते काउंटरवर येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "भाऊ, माहं काई आलं का?"

"नाही आलं," मी सांगतो. तरी ते टपालाच्या ट्रेमध्ये एकदा वाकून बघतात आणि मगच स्लिप भरायला घेतात.