तर्खडकरांची पाठमाला : एक पुनर्विचार

द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ची थट्टा करणें आज सोपें झालें आहे. पाठांतर फार, संभाषण थोडें, हा आक्षेप खराही आहे. परंतु तें पुस्तक विद्यार्थ्याच्या मराठीला वर्गाबाहेर उभें करीत नाहीं, हें त्याचें मर्म होय.

‘रामानें आंबा खाल्ला’ यांत क्रियापद शेवटीं येतें व आंब्याचें लिंग घेतें. इंग्रजींत तें मध्यें बसतें, आंब्याच्या लिंगाशीं त्याला कर्तव्य नसतें. ‘मला भूक लागली’ यांत भूक हा कर्ता. इंग्रजींत कर्तेपण ‘मी’कडे जातें व भूक विशेषण होते. हा भेद दाखविल्यावांचून नियम घोकविणें व्यर्थ आहे.

उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम १९१८ पासून उर्दू होतें. मराठवाड्याची मराठी तेव्हांही महाविद्यालयाच्या वर्गाबाहेरच राहिली. राज्यांत २००० सालापासून इंग्रजी पहिलींत आली. तरीही नांदेड-लातूरकडील माझे विद्यार्थी कर्मणि प्रयोगाचा नियम धडाधड सांगतात आणि स्वतःची तहान सांगतांना अडखळतात.

भाषांतर ही माडीवर जाण्याची शिडी. तर्खडकरांनीं ती नीट बांधली. मुलांना तीवरच मुक्काम करावयास लावलें, हा दोष पुस्तकाचा थोडा, आम्हां अध्यापकांचा अधिक.