आधुनिक फारसी कादंबरींतील भयाकुल नायिका

सादिक हिदायत यांची ‘बूफे कूर’, म्हणजे ‘आंधळें घुबड’, ही लहानशी कादंबरी १९३६ सालीं प्रथम प्रगट झाली ती तेहरानांत नव्हे, तर मुंबईंत. तीहि सुमारें ५० प्रतींच्या रूपानें, आणि इराणांत विक्रीस मनाई असल्याच्या सूचनेसह. या प्रसिद्ध ग्रंथांत भीति पानोपानीं भरलेली आहे. परंतु ती सर्व पुरुषाची. त्यांतील स्त्री कधीं स्वर्गीय छाया, तर कधीं कुलटा. तिला स्वतःला कशाचें भय वाटतें, हा प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं.

तो प्रश्न पुढें लेखिकांनीं विचारला. त्यांच्या नायिकांची चिंताकुलता पाहून ‘या साऱ्या मनोरुग्ण स्त्रिया’ असा शेरा मारून मोकळें होण्याचा मोह टीकाकारास होतो. मानसशास्त्राची परिभाषा हाताशीं असली म्हणजे तें सोपेंहि असतें. परंतु रोगाला नांव देणें म्हणजे पात्र समजणें नव्हे. ही भीति कोठून येते आणि ती त्या स्त्रीला काय दाखविते, हें पाहिल्यावांचून या कादंबऱ्यांचें मर्म हातीं लागत नाहीं.

सीमीन दानेश्वर यांची ‘सूवशून’ १९६९ सालीं प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धांत परकी फौजांनीं व्यापलेलें शिराझ शहर हें तिचें स्थळ. नायिका जरी हिचा पति यूसुफ परक्या सैन्यास धान्य विकण्याचें नाकारतो. आणि जरीचा सारा दिवस, या नकाराची झळ आपल्या घरास लागूं नये, या विवंचनेंत जातो. प्रांताधिपतीच्या मुलीच्या लग्नांत तिचीं पाचूचीं कर्णभूषणें उसनीं म्हणून मागून नेतात, तीं परत येत नाहींत. पुढें मुलाच्या आवडत्या शिंगरावरहि अधिकाऱ्यांच्या घरची दृष्टि पडते. प्रत्येक वेळीं तिच्या मनांत नकार असतो आणि ओठांवर येतां येतां विरून जातो. भय हें एखाद्या भीषण प्रसंगीं एकदम उत्पन्न होत नसून लहान लहान माघारींतून सांचत जातें, हें लेखिकेनें येथें विलक्षण सूक्ष्मतेनें दाखविलें आहे. नवस फेडण्यासाठीं जरी वेड्यांच्या इस्पितळांत भाकरी वाटावयास जाते. म्हणून पतीच्या हत्येनंतर स्वतःचेंच भान सुटूं लागतें, तेव्हां त्या वाटेचा शेवट कोठें होतो हें तिला ठाऊक असतें. अखेर तिचें भय जातें. परंतु मुलांना प्रेमानें वाढवूं पाहणारी ही माता आतां मुलाच्या हातीं बंदूक देण्याची भाषा बोलूं लागते. भयाची जागा द्वेषानें घेतली, तर ती मुक्ति म्हणावी काय? लेखिकेनें हा प्रश्न उघडा ठेविला, यांत तिचा मोठेपणा आहे.

झोया पीरझाद यांच्या २००१ सालच्या ‘दिवे मी मालवितें’ या कादंबरींत दाराशीं कोणी शिपाई उभा नाहीं. १९६० नंतरच्या दशकांतील आबादान, तेलकंपनीची नीटनेटकी वसाहत, आर्मेनियन कुटुंबांतील गृहिणी क्लारिस, तिची तीन मुलें आणि नवरा आर्तूश, एवढाच हा संसार. आर्तूश क्रूर नाहीं; म्हणूनच क्लारिसच्या अस्वस्थतेला बोट दाखवावयास जागा सांपडत नाहीं. तिच्या मनांत दोन आवाज सतत वाद घालतात, आणि हात मात्र कॉफी ठेवीत व मुलांचें खाणें मांडीत राहतात. शेजारीं नवें कुटुंब राहावयास आल्यावर तिला प्रथमच कळतें कीं, आपणांस काय हवें हें आपणांस कोणीं कधीं विचारलेंच नव्हतें. निमित्तावांचून वाटणारी ही चिंता जरीच्या भयाहून चित्रित करण्यास कठीण. पीरझाद तें काम केवळ घरकामाच्या तपशिलानें साधतात.

शहरनूश पारसीपूर यांचा मार्ग निराळा. ‘पुरुषांविना स्त्रिया’ हें त्यांचें पुस्तक १९८९ सालीं निघालें, त्यावर बंदी आली, आणि लेखिकेस कारावासहि भोगावा लागला. त्यांतील मूनिसनें कौमार्याविषयींच्या चुकीच्या समजुतीपायीं बाळपणीं झाडावर चढण्याचेंहि टाळलेलें असतें. सत्य कळल्यावर तिला येणारा संताप हा फुकट गेलेल्या वर्षांचा आहे. महदुख्त तर बागेंत स्वतःस रोवून घेऊन झाडच होते. हा अद्भुताचा खेळ नव्हे. भयाचा तर्क शेवटास नेला म्हणजे माणूस असाच निश्चल होतो. मात्र पुढें पुढें अद्भुताचा सुकाळ होऊन पात्रांच्या यातना हलक्या होतात, हा या पुस्तकाचा दोष मानावा लागेल.

फरीबा वफी यांच्या ‘माझा पक्षी’ या २००२ सालच्या कादंबरींतील निवेदिकेस नांवहि नाहीं. नवऱ्याला कॅनडा खुणावीत आहे, तिला लहानशा कां होईना, स्वतःच्या घरांत स्थिर व्हावयाचें आहे. आणि बाळपणच्या तळघराची भीति अजून तिची पाठ सोडीत नाहीं. आपलें म्हणणें गिळण्याची संवय तिला लहानपणापासूनच जडलेली आहे.

या चौघींना एका माळेंत ओवणारें सूत्र रोगाचें नव्हे. घरांतील आणि घराबाहेरील सत्तेचा भार कोणावर पडतो, हें यांना इतरांच्या आधीं जाणवतें. आणि तें बोलण्याची मुभा नसल्यामुळें त्या जाणिवेला भीतीचें रूप येतें. ज्यास आपण दुर्बलता म्हणतों तें पुष्कळदां न बोललेलें ज्ञान असतें. तें ज्ञान शब्दांत उतरविणें, हेंच या लेखिकांचें खरें कार्य होय.